राजधानीबाहेरचें राष्ट्र : रोसारिओ सेंत्राल क्रीडामंडळाचा इतिहास

आर्जेंटिनाच्या रेल्वेमार्गांचा जुना नकाशा पाहिला म्हणजे तो उघडलेल्या पंख्यासारखा दिसतो. पंख्याच्या काड्या उत्तरेस, पश्चिमेस व दक्षिणेस शेंकडों मैल पसरलेल्या. मूठ मात्र एकच, आणि ती म्हणजे ब्यूनॉस आयर्स हें राजधानीचें शहर. प्रांतांतील गहूं, मका, लोकर आणि मांस या मुठीकडे वाहत जाई. कायदे, अधिकारी, वर्तमानपत्रें आणि मानमरातब मुठींतून बाहेर पडत. खेळाचेंही तसेंच झालें. ज्या देशानें १९७८, १९८६ व २०२२ असा तीनदां फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, त्या देशांत ‘आर्जेंटिनाचा विजेता संघ’ या शब्दांचा अर्थ कित्येक दशकें ‘राजधानीचा व तिच्या आसपासचा विजेता संघ’ एवढाच होता. हा अर्थ ज्यानें प्रथम मोडला तें क्रीडामंडळ रोसारिओ शहराचें. त्याचें नांव रोसारिओ सेंत्राल. एका रेल्वे कंपनीच्या परदेशी नोकरांनीं स्वतःपुरतें काढलेलें हें मंडळ एका साऱ्या शहराचें कसें झालें, आणि राजधानीच्या दारांत इतकीं वर्षें तिष्ठत राहून अखेर तें आंत कसें शिरलें, याची हकीकत खेळाची आवड नसलेल्यांसही विचार करावयास लावील अशी आहे.

रोसारिओ हें शहर पाराना या विशाल नदीच्या पश्चिम तीरावर, राजधानीच्या वायव्येस सुमारें तीनशें किलोमीटरांवर वसलें आहे. सान्ता फे प्रांतांतील हें सर्वांत मोठें शहर. परंतु प्रांताच्या राजधानीचा मान याला नाहीं, तो सान्ता फे नांवाच्या लहान शहराकडे आहे. याच नदीतीरावर २७ फेब्रुवारी १८१२ या दिवशीं मानुएल बेल्ग्रानो यानें आर्जेंटिनाचा निळा-पांढरा ध्वज प्रथम उभारला. राष्ट्राचा ध्वज येथें जन्मला, पण राष्ट्राचा कारभार येथें कधींच आला नाहीं. तो यावा असे प्रयत्न झाले नाहींत असें मात्र नव्हे. १८६० नंतरच्या वर्षांत रोसारिओस देशाची राजधानी करावी असा कायदा प्रतिनिधींनीं एकाहून अधिक वेळां संमत केला. आणि बार्तोलोमे मित्रे व दोमिंगो सार्मिएन्तो या राष्ट्राध्यक्षांनीं तो आपल्या अधिकारांत नामंजूर केला. १८८० सालीं ब्यूनॉस आयर्स ही कायमची राजधानी ठरली. हातातोंडाशीं आलेला घास असा गेल्याची रुखरुख रोसारिओकरांच्या मनांत राहून गेली. पुढें फुटबॉलच्या मैदानावर जी ईर्ष्या दिसून आली तिचें मूळ शोधूं जातां तें या जुन्या रुखरुखींत सांपडतें.

शहराचा उत्कर्ष झाला तो रेल्वेमुळें. १८६३ सालीं, म्हणजे आपल्याकडे भोर घाटाचा लोहमार्ग ज्या वर्षीं खुला झाला त्याच वर्षीं, रोसारिओहून कोर्दोबाकडे जाणाऱ्या ‘सेंट्रल अर्जेंटाइन रेल्वे’च्या कामास प्रारंभ झाला. कंपनी लंडनची, मक्ता मिळविणारा विल्यम व्हीलराइट हा अमेरिकन, आणि अंगमेहनत देशोदेशींच्या मजुरांची. १८७० सालीं गाडी कोर्दोबास पोंचली. रुळांच्या दोन्ही बाजूंस एकेक लीग रुंदीची जमीन सरकारनें कंपनीस देऊन टाकली होती. तिच्यावर स्वित्झर्लंड, इटली इत्यादि देशांतून आलेले शेतकरी वसले, आणि गवताळ माळांच्या जागीं गव्हाचीं शेतें उभीं राहिलीं. तो गहूं रोसारिओच्या बंदरांतून युरोपास जाऊं लागला. १८६९ च्या खानेसुमारींत या शहराची वस्ती सुमारें तेवीस हजार होती. १८९५ मध्यें ती नव्वद हजारांवर गेली.

शहराच्या उत्तर भागांत रेल्वेचे मोठे कारखाने होते. तेथील कारागीर, कारकून व अधिकारी यांत इंग्रज आणि स्कॉटिश मंडळींचा भरणा फार. परक्या देशांत सुटीचा दिवस घालवावयाचा तर घरचा खेळ हवा, या साध्या गरजेंतून २४ डिसेंबर १८८९ या दिवशीं, नाताळच्या आदल्या संध्याकाळीं, कांहीं रेल्वे नोकर कारखान्याजवळच्या एका पानगृहांत जमले आणि त्यांनीं ‘सेंट्रल अर्जेंटाइन रेल्वे ॲथलेटिक क्लब’ स्थापन केला. कोलिन बेन काल्डर या स्कॉटिश गृहस्थास अध्यक्ष करण्यांत आलें. क्रिकेट मुख्य कीं फुटबॉल मुख्य, याबद्दल मंडळींत वाद झाला व काल्डरनें फुटबॉलची बाजू घेतली, असें मंडळाच्या परंपरेंत सांगतात. सभासद होण्यास एकच अट होती : मनुष्य रेल्वेचा नोकर असला पाहिजे. प्रतिस्पर्धी संघ त्या काळीं फारसे नव्हतेच. म्हणून बंदरांत आलेल्या ब्रिटिश जहाजांवरील खलाशांशीं सामने होत. योगायोग असा कीं याच १८८९ सालीं कलकत्त्यास मोहन बागान हा क्लब निघाला. तेथें साहेबाचा खेळ साहेबाविरुद्ध खेळण्यासाठीं देशी लोक एकत्र आले. रोसारिओंत साहेबानें स्वतःच्या करमणुकीसाठीं काढलेला क्लब पुढें देशी लोकांनीं आपलासा केला. वाटा निराळ्या, पण दोन्हीकडे खेळ मूळ मालकाच्या हातून निसटला हें खरें.

तो निसटला कसा हें पाहण्याजोगें आहे. कारखान्यांत इंग्रजांच्या हाताखालीं इटालियन, स्पॅनिश व देशी तरुण काम करीत. सुटी झाली कीं हे तरुण मैदानाच्या कडेस उभे राहून खेळ पाहत, मैदानाबाहेर गेलेला चेंडू परत मारून देत, आणि पुढें एखादा गडी कमी पडला म्हणजे आंत शिरत. चेंडूला भाषा नसते. १९०३ सालापर्यंत परिस्थिति अशी झाली कीं नियम एक आणि व्यवहार दुसरा. त्याच सुमारास सेंट्रल अर्जेंटाइन व ‘ब्यूनॉस आयर्स-रोसारिओ’ या दोन रेल्वे कंपन्यांचें एकीकरण चाललें होतें. तेव्हां क्लबाचें नांव व नियम यांचा फेरविचार करणें प्राप्तच होतें. त्या वर्षींच्या सभेंत मिगेल ग्रीन यानें सुचविल्यावरून नांव बदलून ‘क्लुब आत्लेतिको रोसारिओ सेंत्राल’ असें स्पॅनिश करण्यांत आलें, आणि रेल्वेच्या नोकरींत नसलेल्यांसही सभासदत्व खुलें झालें. नांवांतून ‘रेल्वे’ हा शब्द गेला व त्या जागीं शहराचें नांव आलें. जुन्या कंपनीची खूण म्हणून ‘सेंत्राल’ एवढा एक शब्द राहिला.

बदल कागदावरच राहिला नाहीं. सेनोन दियास हा देशी वंशाचा बचावपटु या मंडळाकडून खेळत असे. १९०६ सालीं तो आर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघांत खेळला. त्या काळीं राष्ट्रीय संघाची यादी वाचली तर ती एखाद्या इंग्लिश शाळेच्या हजेरीपटासारखी वाटे. तींत हें नांव निराळें उमटलें. दुसऱ्या बाजूस हॅरी हेस हा रोसारिओंतच जन्मलेला इंग्रज वंशाचा खेळाडू सेंत्रालसाठीं वर्षानुवर्षें गोल करीत राहिला व राष्ट्रीय संघांतही चमकला. देशी आंत आला म्हणून इंग्रज वंशाचा बाहेर गेला नाहीं; दोघेही ‘रोसारिनो’ झाले.

१९०३ हेंच वर्ष दुसऱ्या एका कारणानें या शहरास महत्त्वाचें ठरलें. इंग्लंडांतील केंट परगण्यांतून कोवळ्या वयांत रोसारिओस आलेला आयझॅक न्यूवेल हा प्रथम रेल्वेच्या तारखात्यांत काम करीत होता. पुढें त्यानें १८८४ सालीं एक शाळा काढली, आणि तीत अभ्यासाबरोबर खेळही शिकविला. त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनीं नोव्हेंबर १९०३ मध्यें ‘न्यूवेल्स ओल्ड बॉइज’ हा क्लब स्थापन केला. एक मंडळ कारखान्यांतून निघालेलें, दुसरें शाळेंतून. आणि दोहोंचा धागा शेवटीं त्याच रेल्वेशीं जाऊन मिळणारा. १९०५ सालीं या दोघांचा पहिला सामना झाला व न्यूवेल्सनें तो एका गोलानें जिंकला. तेव्हांपासून शहराचे जणुं दोन भाग पडले. घराघरांत एक भाऊ निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, म्हणजे सेंत्रालचा, तर दुसरा तांबड्या-काळ्या रंगांचा, म्हणजे न्यूवेल्सचा, असें दृश्य तेथें नवें नाहीं.

या वैरांतून दोघांनाही चमत्कारिक नांवें पडलीं. कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयाच्या मदतीसाठीं दोन्ही संघांनीं सामना खेळावा अशी विनंती आली. न्यूवेल्सनें ती मानली, सेंत्रालनें मानली नाहीं, अशी आख्यायिका आहे. न्यूवेल्सचे लोक ‘लेप्रोसो’ म्हणजे कुष्ठी झाले, आणि सेंत्रालचे ‘कानाया’ म्हणजे नीच, अधम झाले. आश्चर्य हें कीं ज्यांना या शिव्या मिळाल्या त्यांनींच त्या पदवीसारख्या धारण केल्या. ‘आम्ही कानाया’ असें सेंत्रालचा पाठीराखा छाती पुढें काढून सांगतो. शत्रूनें मारलेला दगड उचलून त्याचाच घराला पाया घालावा, तसाच हा प्रकार.

परंतु गांवांतलें वैर कितीही मोठें असलें तरी मोठा अडसर गांवाबाहेर होता. ब्यूनॉस आयर्समध्यें १८९१ पासून साखळी स्पर्धा चालू होती. ती त्या शहराची व परिसराची स्पर्धा. पण देशाचा विजेता म्हणून इतिहासांत नोंद होई ती तिच्या विजेत्याची. रोसारिओची स्वतंत्र साखळी होती व तिचा दर्जाही कमी नव्हता. राजधानीचा विजेता आणि रोसारिओचा विजेता यांच्यांत इबार्गुरेन चषकासाठीं सामना होई. १९१५ सालीं या सामन्यांत सेंत्रालनें रासिंग क्लबाचा पराभव केला. हा रासिंग क्लब सामान्य नव्हे. १९१३ ते १९१९ अशीं सलग सात वर्षें राजधानीचें विजेतेपद त्यानें सोडलें नव्हतें. तरीही त्या वर्षाचा देशाचा विजेता कोण असें विचारल्यास पुस्तकें रासिंगचेंच नांव सांगतात. समोरासमोर हरविलें तरी पहिला नंबर दुसऱ्याचा, हा न्याय प्रांतांतील माणसास कसा रुचावा?

१९३१ सालीं राजधानींत धंदेवाईक फुटबॉल उघडपणें सुरू झालें. अठरा क्लबांनीं नवी स्पर्धा काढली. ते सारे ब्यूनॉस आयर्स, तिचीं उपनगरें व जवळचें ला प्लाता येथील. रोसारिओचे उत्तम खेळाडू आतां पगाराच्या ओढीनें राजधानीकडे जाऊं लागले. गहूं जात होता, आतां माणसेंही गेलीं. अखेर १९३९ सालीं सेंत्राल व न्यूवेल्स या दोघांना मुख्य स्पर्धेंत प्रवेश मिळाला. दार उघडलें, पण उंबरठा उंच होता. राजधानीचे संघ शहरांतल्या शहरांत ट्रामनें सामन्यास जात. रोसारिओच्या संघांना बाहेरच्या बहुतेक प्रत्येक सामन्यासाठीं तीनशें किलोमीटर जावें व यावें लागे. १९४१ सालीं सेंत्राल खालच्या वर्गांत घसरला; १९४२ मध्यें तो वर्ग जिंकून परत वर आला. १९५० मध्यें पुन्हां घसरला. १९५१ मध्यें पुन्हां जिंकून वर चढला.

याच काळांत ज्या कंपनीच्या पोटीं हें मंडळ जन्मलें ती नाहींशी झाली. राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोन यांच्या सरकारनें ब्रिटिश मालकीच्या रेल्वे विकत घेतल्या व १ मार्च १९४८ रोजीं त्या ताब्यांत घेतल्या. सेंट्रल अर्जेंटाइन रेल्वेस ‘जनरल बार्तोलोमे मित्रे’ असें नांव मिळालें. रोसारिओस राजधानी करण्याचा कायदा ज्यानें नाकारला, त्याचेंच नांव रोसारिओच्या रेल्वेस पडावें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. कंपनीचे भागीदार गेले, पाट्या उतरल्या, इंजिनांवरील अक्षरें पुसलीं गेलीं. तिच्या जुन्या नांवांतला ‘सेंत्राल’ हा शब्द लोकांच्या तोंडीं आजही रोज येतो, तो मात्र या क्रीडामंडळामुळें.

१९६७ सालीं देशांतील फुटबॉलची घडी बदलली. एका वर्षांत दोन स्पर्धा ठरल्या : एक ‘मेत्रोपोलितानो’, आणि दुसरी ‘नासिओनाल’, जींत दूरदूरच्या प्रांतांतील संघांनाही स्थान मिळालें. ‘राष्ट्रीय’ हा शब्द प्रथमच आपल्या अर्थाच्या जवळ आला. या राष्ट्रीय स्पर्धेच्या १९७१ च्या वर्षीं उपांत्य सामन्यांत नियतीनें सेंत्राल आणि न्यूवेल्स यांनाच समोरासमोर आणून उभें केलें. आणि सामना ठरला ब्यूनॉस आयर्समध्यें, रिव्हर प्लेट क्लबाच्या भव्य क्रीडांगणावर. १९ डिसेंबर १९७१ रोजीं रोसारिओहून हजारों लोक राजधानीस लोटले. त्या दिवशीं यजमान घर राजधानीचें, पण घरांतला सोहळा रोसारिओचा होता.

त्या सामन्यांत एकच गोल झाला. तो करणारा आल्दो पेद्रो पोय हा रोसारिओंतच वाढलेला खेळाडू. दोन वर्षांपूर्वीं क्लबानें त्याला राजधानीकडील एका संघास विकावयाचें ठरविलें, तेव्हां जाण्याचें टाळण्यासाठीं तो पारानांतील एका बेटावर जाऊन लपून बसला होता, असें सांगतात. उत्तरार्धांत बाजूनें आलेला चेंडू पाहून पोयनें जमिनीस समांतर असें अंग झोकून दिलें व डोक्यानें चेंडू जाळ्यांत धाडला. अशा उडीस तिकडे ‘पालोमिता’ म्हणजे लहानसें कबूतर असें म्हणतात. तीन दिवसांनीं, २२ डिसेंबरला, अंतिम सामन्यांत राजधानीच्या सान लोरेन्सो संघास सेंत्रालनें दोन विरुद्ध एक गोलांनीं हरविलें. तो सामना झाला रोसारिओंत, आणि तोही न्यूवेल्सच्या मैदानावर. संघाचा मार्गदर्शक आन्हेल लाब्रुना हा रिव्हर प्लेटचा एके काळचा विख्यात खेळाडू, म्हणजे राजधानीचाच माणूस. राजधानी आणि तिचा परिसर यांबाहेरील क्लबानें देशाच्या अव्वल स्पर्धेचें विजेतेपद मिळविण्याची ही पहिली वेळ.

रोसारिओकरांस मात्र अंतिम सामन्यापेक्षां उपांत्य सामन्याची आठवण अधिक. दरवर्षीं १९ डिसेंबरला सेंत्रालचे पाठीराखे जमतात आणि पोय ती उडी पुन्हां घेऊन दाखवितो. केस पिकले तरी त्याची सुटका झाली नाहीं. रोबेर्तो फोंतानारोसा या रोसारिओच्या व्यंगचित्रकार-कथाकारानें त्या तारखेचेंच नांव देऊन एक कथा लिहिली. पाहुण्याला हें पोरखेळासारखें वाटेल. पण जें शहर राजधानी होतां होतां राहिलें, त्याला राजधानींत जाऊन आपल्याच दोन पोरांचा निकाल लावण्याचा तो एक दिवस मिळाला होता.

दोन वर्षांनीं, १९७३ मध्यें, कार्लोस ग्रिगोल यांच्या मार्गदर्शनाखालीं सेंत्रालनें तीच स्पर्धा पुन्हां जिंकली. मग पारडें फिरलें. २ जून १९७४ रोजीं सेंत्रालच्या मैदानावर सामना बरोबरींत सोडवून न्यूवेल्सनें आपलें पहिलें विजेतेपद मिळविलें. एकानें दुसऱ्याच्या अंगणांत गुढी उभारली, दुसऱ्यानें पहिल्याच्या. दोघांच्या वैरांत रोसारिओचा पायंडा मात्र पक्का झाला. राजधानीबाहेरचा संघ जिंकूं शकतो, हें पुन्हां सिद्ध करण्याची आतां गरज उरली नव्हती.

सेंत्रालचें क्रीडांगण नदीजवळच्या आरोयितो या वस्तींत आहे. १९७८ च्या विश्वचषकासाठीं तें वाढविण्यांत आलें. प्राथमिक गटांत इटलीकडून हार झाल्यामुळें आर्जेंटिनाच्या संघास राजधानी सोडून दुसऱ्या फेरीसाठीं रोसारिओस यावें लागलें. संघाचा मार्गदर्शक सेसार लुईस मेनोत्ति हा याच शहरांत जन्मलेला व सेंत्रालकडून खेळलेला. मारिओ केम्पेस हाही १९७४ ते १९७६ या काळांत याच मैदानावर सेंत्रालचा खेळाडू म्हणून गाजलेला. पहिल्या तीन सामन्यांत एकही गोल न करणाऱ्या केम्पेसनें जुन्या मैदानावर पाय ठेवतांच पोलंडविरुद्ध दोन व पेरूविरुद्ध दोन गोल केले. अंतिम सामन्यांतील दोन धरून त्याचे सहा झाले व तो स्पर्धेंत अग्रेसर ठरला. परंतु या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७६ पासून देश लष्करी हुकूमशहांच्या टांचेखालीं होता. हजारों माणसें उचलून नेलीं गेलीं, तीं परत आलीं नाहींत. पेरूवरील सहा-शून्य या विजयाबद्दल संशयाची कुजबुज अजून थांबलेली नाहीं. प्रेक्षकांच्या जयघोषांत दुसरे आवाज बुडून गेले, ही खंत तेथील विचारी लोक आजही बोलून दाखवितात.

सेंत्रालची पुढची वाटचाल चढ-उतारांची आहे. १९८० सालीं तिसरें विजेतेपद. १९८४ सालीं खालच्या वर्गांत पतन. १९८५ मध्यें तो वर्ग जिंकून पुनरागमन. आणि वर आल्यावर पहिल्याच, म्हणजे १९८६-८७ च्या, हंगामांत थेट देशाचें विजेतेपद. १९९५ सालीं दक्षिण अमेरिकेंतील कोन्मेबोल चषकाच्या अंतिम फेरींत ब्राझीलच्या आत्लेतिको मिनेइरोनें पहिला सामना चार-शून्य असा जिंकला. एका आठवड्यानें आरोयितोवर सेंत्रालनें चार-शून्य अशीच परतफेड केली व पेनल्टींच्या जोरावर चषक घेतला. तारीख होती १९ डिसेंबर! या तिन्ही यशांच्या वेळीं संघाचा मार्गदर्शक आन्हेल तुलिओ सोफ हा शहराचा लाडका गृहस्थ होता. २०१० मध्यें पुन्हां घसरगुंडी, २०१३ मध्यें पुन्हां वर. २०१८ मध्यें आर्जेंटिना चषक, आणि २०२३ मध्यें लीग चषक. पडावें, उठावें आणि पुन्हां चढावें, हा या मंडळाचा धर्मच झाला आहे.

येथें एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. आर्जेंटिनांतील क्लब हे बहुधा कोणा धनिकाच्या मालकीचे नसतात. ते सभासदांचे असतात. वर्गणी भरणारा सभासद मत देतो व अध्यक्ष निवडतो. हरलेला, कर्जांत बुडालेला, खालच्या वर्गांत गेलेला क्लब विकून टाकावा असा प्रश्न म्हणूनच उद्भवत नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेइ यांच्या सरकारनें एका फर्मानानें क्लबांना भागभांडवलाच्या कंपन्या होण्याची वाट मोकळी केली. फुटबॉल संघटनेनें व अनेक क्लबांनीं त्यास कडवा विरोध केला व वाद न्यायालयांत गेला. भांडवल आल्यानें खेळ सुधारेल असें म्हणणारेही आहेत, आणि क्लबांची कर्जें पाहतां त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. पण सेंत्रालच्या इतिहासाकडे पाहणारास एक प्रश्न विचारावासा वाटेल. हें मंडळ कंपनीच्या कुंपणांत जन्मलें, आणि १९०३ सालीं कुंपण काढल्यावर मोठें झालें. तें कुंपण पुन्हां घालावें काय?

गेल्या कांहीं वर्षांत रोसारिओस अंमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्या टोळ्यांनीं ग्रासलें आहे. आन्हेल दि मारिआ हा याच शहरांतला. वस्तींतल्या लहान क्लबाकडून कांहीं फुटबॉल चेंडूंच्या मोबदल्यांत सेंत्रालनें त्याला बालपणीं घेतलें, असें सांगतात. न्यूवेल्सच्या बालवर्गांत वाढलेला लिओनेल मेस्सी आणि सेंत्रालच्या बालवर्गांत वाढलेला दि मारिआ, या दोघांनींही २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत गोल केले. दि मारिआस अखेरचे दिवस सेंत्रालमध्यें घालवावयाचे होते; परंतु मार्च २०२४ मध्यें त्याच्या कुटुंबास धमक्या आल्या व बेत रहित झाला. २०२५ सालीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं, तो आला. युरोपांत कीर्ति व पैसा मिळविलेल्या माणसानें, जिवाची भीति असतांही, जेथून निघालों तेथेंच परतावें, यांत त्या शहराचें मोठें सांत्वन होतें. त्याच ऑगस्टमध्यें न्यूवेल्सविरुद्धचा सामना त्याच्या एका फटक्यानें सेंत्रालनें जिंकला.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मात्र एक विचित्र प्रसंग घडला. वर्षाच्या दोन्ही स्पर्धांत मिळून सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या संघास ‘लीग विजेता’ म्हणावें, असें फुटबॉलच्या चालकांनीं हंगाम सरत आला असतां राजधानींतील बैठकींत ठरविलें आणि चषक सेंत्रालच्या हातीं दिला. गुण सेंत्रालनेच मिळविले होते, यांत शंका नाहीं. पण असा किताब दिला जाईल हें हंगामाच्या प्रारंभीं कोणास ठाऊक नव्हतें. पुढच्या सामन्यांत एस्तुदिआन्तेस संघाच्या खेळाडूंना रिवाजाप्रमाणें दोन ओळींत उभें राहून विजेत्यांस मान द्यावयाचा होता. ते उभे राहिले, पण पाठ फिरवून. तेथल्या वर्तमानपत्रांत यावर फार लिहिलें गेलें.

या दोन चित्रांत सेंत्रालच्या इतिहासाचें सार आलें आहे. १९१५ सालीं सेंत्रालनें मैदानावर विजय मिळविला आणि राजधानीच्या टेबलानें तो हिशेबांत धरला नाहीं. २०२५ सालीं त्याच टेबलानें न मागतां मान दिला, आणि मैदानावरील प्रतिस्पर्ध्यांनीं तो मानला नाहीं. प्रांतास हवा असतो तो राजधानीचा अनुग्रहही नव्हे व तिची उपेक्षाही नव्हे; सर्वांना आधीं ठाऊक असलेले नियम आणि सर्वांना सारखें असलेलें मैदान, एवढेंच त्याचें मागणें असतें. तें मिळालें तेव्हां, म्हणजे १९७१ सालीं, या मंडळानें काय करून दाखविलें हें जगानें पाहिलें. म्हणूनच सेंत्रालच्या पाठीराख्यांच्या घरीं चषकांच्या याद्या कोणास पाठ नसल्या तरी एका उडीची तारीख नातवंडांनाही पाठ असते. ती उडी कोणीं बैठकींत बहाल केलेली नव्हती.